वाघोऱ्याकाठची वाट : अजिंठ्याकडे नदीच्या बाजूने पाहताना

अजिंठ्याच्या लेण्यांना आज जे क्रमांक आहेत ते काळाप्रमाणे नाहीत, चालण्याच्या सोयीप्रमाणे आहेत. जेम्स फर्ग्युसन १८३९ साली अजिंठ्याला आले. त्यांनी दरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लेणी ओळीने मोजली आणि तेच क्रमांक पुढे कायम झाले. त्यामुळे तिकीट काढून वर चढलेला प्रवासी ज्या पहिल्या लेण्यात शिरतो ते इसवी सनाच्या पाचव्या शतकातले, म्हणजे अगदी शेवटच्या काळातले आहे. सर्वांत जुने मानले जाणारे दहावे लेणे ओळीच्या मध्यावर येते. तिथे पोचेपर्यंत माणूस दमलेला असतो, वाटाड्याचे बोलणे उरकत आलेले असते आणि बसची वेळ डोक्यात घोळू लागलेली असते.

क्रमांक उलटसुलट असल्याने फार बिघडत नाही असे कोणी म्हणेल. पण क्रमांकांबरोबर एक वाटही ठरून गेली. कड्याच्या पोटातून, लेण्यांच्या दारांसमोरून जाणारी आजची फरसबंदी वाट ही विसाव्या शतकातली सोय आहे. ज्यांनी लेणी खोदली आणि ज्यांनी त्यांत वस्ती केली, त्यांची वाट खालून येत होती, वाघोरा नदीच्या पात्रातून. प्रत्येक लेण्याला नदीपासून वर चढणारा स्वतःचा जिना होता. बहुतेक जिने पडले, काहींचे अवशेष उरले. त्या वाटेच्या बाजूने अजिंठ्याचा इतिहास वाचला, तर चित्रांच्या कौतुकात मागे पडलेल्या काही गोष्टी पुढे येतात. ही जागा का निवडली, कोणत्या ऋतूसाठी निवडली आणि ती घडवणारी माणसे कुठून आली, या प्रश्नांची उत्तरे नदीकाठी अधिक चांगली मिळतात, असे मला वाटते.

दरी, नदी आणि सात कुंडे

आमच्या वडनेर भोलजीहून अजिंठ्याला जायचे तर मलकापूर, बोदवड, जामनेर, पहूर असे करत फर्दापूर गाठावे लागते. हा सगळा प्रवास तापीच्या खोऱ्यातून होतो. आमच्या शिवारातले पावसाचे पाणी नाल्यांनी पूर्णेला मिळते आणि पूर्णा चांगदेवला तापीत शिरते. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावणारा वाघोराही उत्तरेकडे वाहतो, पुढे वाघूर होतो आणि तापीलाच मिळतो. बुलढाण्याचा घाट चढताना जो डोंगर लागतो तो याच अजिंठा रांगेचा पूर्वेकडचा भाग. तेव्हा लेणी दुसऱ्या जिल्ह्यात असली, तरी त्यांचा डोंगर आणि त्यांचे पाणी आम्हाला परके नाही.

हा डोंगर दख्खनच्या काळ्या पाषाणाचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थंड झाला, त्यावर पुन्हा वाहिला. असे थर एकावर एक बसत गेले. काही थर टणक, काही ठिसूळ. पाण्याने ठिसूळ थर लवकर झिजवला आणि टणक थराची पायरी मागे राहिली. वाघोरा पठारावरून दरीत उतरतो तो अशाच पायऱ्यांवरून. या उड्यांना सातकुंड म्हणतात. जेम्स बर्जेस आणि फर्ग्युसन यांच्या १८८० सालच्या ग्रंथात सर्वांत खालची उडी ७० ते ८० फुटांची दिली आहे. उरलेल्या वरच्या उड्या मिळून आणखी शंभरेक फूट भरतात.

कुंडांच्या खाली नदी घोड्याच्या नालासारखे वळण घेते. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाण्याने डोंगर पोखरून जवळजवळ उभा कडा तयार केला आहे. कड्याची उंची सुमारे २५० फूट, म्हणजे ७६ मीटर. याच कड्यात साडेपाचशे मीटरांच्या पट्ट्यात लेणी आहेत, नदीच्या तळापासून कमीतकमी ३५ आणि जास्तीतजास्त ११० फुटांवर. ही उंची लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुराचे पाणी दारापर्यंत येऊ नये इतकी ती जास्त आहे आणि घागर घेऊन रोज उतरता-चढता यावे इतकी कमी आहे.

भोवतालचे रान पानगळीचे आहे. चैत्र-वैशाखात झाडांची पाने गळून डोंगर उघडे पडतात, नदीत डबकी उरतात आणि सातकुंडाच्या जागी काळ्या खडकावर पाण्याच्या जुन्या खुणा तेवढ्या दिसतात. मृग सरला, दोन-चार मोठे पाऊस झाले की तीच दरी हिरवी होते आणि पाण्याचा आवाज लेण्यांच्या ओसरीपर्यंत येतो. अजिंठ्याला असे दोन वेगळे ऋतू आहेत आणि आपण कोणत्या ऋतूत आलो यावर काय दिसते ते अवलंबून असते. या स्थळाच्या इतिहासातही हा फरक महत्त्वाचा ठरला आहे.

तीन महिने एका जागी

बौद्ध भिक्षूने वर्षभर हिंडत राहावे असा मूळचा दंडक होता. पावसाळ्यातही भिक्षू चालत राहिले तेव्हा लोकांनी कुरकूर केली की हे कोवळी रोपे तुडवतात, ओल्या जमिनीतले बारीक जीव मारतात. त्यावरून बुद्धांनी वर्षावासाचा नियम घालून दिला, असे विनयपिटकात सांगितले आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने भिक्षूने एकाच ठिकाणी राहायचे. शेवटी प्रवारणेचा विधी होतो. त्यात सोबत राहिलेल्या भिक्षूंनी एकमेकांना आपले दोष दाखवण्याची विनंती करायची असते. त्यानंतर उपासक चीवरदान करतात आणि भिक्षू पुन्हा वाटेला लागतात. आपण कोजागिरीला दूध आटवतो ती हीच आश्विन पौर्णिमा, दिवाळीच्या पंधरा दिवस आधीची.

विहार कुठे असावा यालाही संकेत होता. गावापासून फार दूर नको, फार जवळ नको. भिक्षेला जाऊन येता यावे, पण गलबला कानावर पडू नये. वाघोऱ्याच्या दरीत हे सारे जुळते. प्रतिष्ठान म्हणजे पैठणहून उत्तरेला माहिष्मती आणि उज्जयिनीकडे जाणारा मार्ग पाली साहित्यात येतो. त्या दिशेने निघालेल्या प्रत्येकाला अजिंठ्याची डोंगररांग कुठेतरी ओलांडावीच लागे. घाटाजवळ व्यापाऱ्यांचे तांडे थांबत आणि तांड्यांजवळ दाते असत. दहाव्या लेण्याच्या दर्शनी भागावर वासिठीपुत्र कटहादी याने दिलेल्या दानाचा ब्राह्मी लेख आहे. बाराव्या लेण्यात एका व्यापाऱ्याच्या दानाचा लेख आहे. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासून ९, १०, १२, १३ आणि १५ अ ही पहिली लेणी खोदली गेली ती अशा दानांवर.

मात्र दाते मार्गावर होते तरी लेणी मार्गावर नाहीत. मुख्य वाट सोडून नदीच्या काठाने आत वळल्याशिवाय, आणि नालाचे वळण पार केल्याशिवाय, कडा समोर येत नाही. मुसळधार पावसात कोरडी राहणारी, दाराखाली पाणी असलेली आणि रस्त्यावरून न दिसणारी जागा तीन महिने एका ठिकाणी बसणाऱ्यांनी निवडली. पावसाळा वजा केला, तर या निवडीला फारसा अर्थ उरत नाही.

नदीकडून वर चढणारे जिने

सोळाव्या लेण्याच्या पायथ्याशी आजही एक प्रवेशमार्ग आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना दगडात कोरलेले मोठे हत्ती आहेत. आत शिरून पायऱ्या चढू लागले की समोर भिंतीत बसलेला नागराज दिसतो आणि तिथून वळून लेण्याच्या ओसरीवर जाता येते. फरसबंदी वाटेवरून येणाऱ्याला हे हत्ती सहसा दिसत नाहीत, कारण तो त्यांच्या वरून निघून जातो. नदीकडून येणाऱ्याला मात्र ते सर्वांत आधी भेटत. अमेरिकन अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनी पन्नासहून अधिक वर्षे अजिंठ्याचा अभ्यास केला. पाचव्या शतकात या दरीचे मुख्य प्रवेशद्वार हेच असावे असे त्यांचे मत होते. नालाच्या जवळजवळ मध्यावर हे लेणे आहे आणि तिथून दोन्हीकडची रांग नजरेत येते.

नागराज तिथे का, याचे उत्तर लेण्यातच कोरलेले आहे. हे लेणे वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने करवले. त्याच्या संस्कृत लेखात या डोंगरावर ओथंबलेले पावसाळी ढग लोंबत असल्याचे आणि डोंगर नागांचे निवासस्थान असल्याचे वर्णन आहे. लेण्याला मोठे जलाशय आणि नागराजाचे स्थान जोडल्याचा उल्लेखही त्यात येतो. नाग हा आपल्या परंपरेत पाण्याचा राखणदार. पाऊस, झरे आणि डोह त्याच्या ताब्यातले. ज्या कड्यातून पावसाळाभर पाणी झिरपते त्या कड्यात घर करताना आधी नागाला जागा दिली, हे शेतकरी माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

शेजारचे सतरावे लेणे हरिषेणाच्या एका मांडलिकाने केले. त्याच्या लेखातही पाण्याचे टाके खोदल्याची नोंद आहे आणि त्या पाण्याची वाखाणणी केली आहे. पाणी गोड, पचायला हलके, नितळ, थंड आणि भरपूर, अशा अर्थाची ती विशेषणे आहेत. अठरावे म्हणून जे लेणे मोजले जाते ते खरे तर या टाक्याकडे जाणारी ओसरी आहे. आपण ते 'बघण्यासारखे काही नाही' म्हणून ओलांडून जातो. नदीत बारमाही पाणी राहत नसेल तर कड्यातले टाके हाच आधार, म्हणून राजाने दानलेखात त्याला स्थान दिले.

सतराव्या लेण्यातली चित्रेही पाण्याशी नाते सांगतात. महाकपी जातकात बोधिसत्त्व वानरांचा राजा आहे. राजाचे धनुर्धारी आले तेव्हा तो नदीवर आपले शरीर ताणून पूल होतो आणि वानरांना पैलतीरी पोचवतो. त्या चित्रातली नदी गंगा आहे, तिच्यात मासे आहेत. पण काठावर झाडी आणि पैलतीरावर जाण्याची धडपड रंगवणाऱ्या चित्रकाराच्या दाराखालून वाघोरा वाहत होता. अजिंठ्याच्या चित्रांत डोंगर दाखवताना विटांसारखे चौकोनी खडक एकावर एक रचलेले दिसतात. समोरच्या काठावरचा फुटलेला काळा पाषाण पाहिल्यावर ती रीत चटकन उमगते. भिंतीवरचा मातीचा गिलावा, त्यातले वनस्पतींचे तंतू आणि तूस, गेरूचा लाल आणि पिवळा, पाषाणाच्या पोकळ्यांत मिळणारा हिरवा हे सारे साधे, मातीचेच साहित्य आहे. निळा रंग मात्र लाजवर्दाचा, अफगाणिस्तानच्या बाजूने व्यापारी मार्गांनी आलेला.

वत्सगुल्म ते वाघोरा

सोळाव्या लेण्याचा तो लेख ओसरीच्या बाहेर, डावीकडच्या भिंतीवर आहे. उघड्यावर असल्याने त्यातली बरीच अक्षरे झिजून गेली आहेत. १८६० च्या दशकाच्या आरंभी डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अजिंठ्याचे लेख वाचून प्रसिद्ध केले. पुढे भगवानलाल इंद्रजी यांनी ठसे घेतले आणि १८८३ साली गेऑर्ग ब्यूलर यांनी लेखाचे वाचन दिले. त्यात वाकाटकांची वंशावळ होती. पहिल्या प्रवरसेनानंतरच्या राजाचे नाव झिजलेल्या अक्षरांतून रुद्रसेन असे लावले गेले, कारण दुसऱ्या ताम्रपटांतून तेच नाव माहीत होते. त्यामुळे वाकाटकांचा एकच वंश होता आणि अजिंठा त्याच राजांचा, असे चित्र अर्धशतकभर टिकले.

ते चित्र बदलले आमच्या वऱ्हाडात. १९३९ साली वाशीमला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट उजेडात आला. तो वत्सगुल्म येथून दिलेला होता आणि वत्सगुल्म म्हणजेच वाशीम. त्यात प्रवरसेनाच्या मुलाचे नाव सर्वसेन आले. नागपूरच्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हे नाव हाती घेऊन अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासला आणि जिथे रुद्रसेन वाचले गेले होते तिथे सर्वसेन आहे हे दाखवून दिले. त्यांचे वाचन १९४१ साली हैदराबाद पुरातत्त्व मालिकेत आले. वाकाटकांच्या दोन शाखा होत्या, एक नंदिवर्धनाकडची आणि दुसरी वत्सगुल्माची, आणि अजिंठ्याच्या उत्तरकालीन लेण्यांचा संबंध दुसऱ्या शाखेशी आहे, हे त्यानंतर पक्के झाले. 'हरिविजय' हे प्राकृत काव्य लिहिणारा सर्वसेन तो हाच.

वाशीम आणि अजिंठा यांच्यात सरळ रेषेत दीडशे किलोमीटरांहून थोडे जास्त अंतर आहे. मधला मुलूख म्हणजे बराचसा आजचा बुलढाणा जिल्हा, मेहकर आणि चिखलीकडचे पठार. राजधानीतून निघालेला मंत्री, त्याचे कारभारी आणि हिशेबनीस या मुलखातून गेले असणार. हा तर्क आहे, पण नकाशा समोर ठेवला तर दुसरी वाट सुचत नाही. वराहदेवाने जंजाळ्याजवळचे घटोत्कच लेणेही करवले. तेही डोंगरातल्या अशाच आडबाजूच्या दरीत आहे.

आमच्या जिल्ह्यात अजिंठ्याचा विषय निघाला की लोक 'ते मराठवाड्याचं' म्हणून बाजूला ठेवतात. आजच्या जिल्ह्यांच्या हद्दी पाहिल्या तर ते बरोबर आहे. पण ज्या राजाच्या छत्राखाली पाचव्या शतकातला अजिंठा घडला त्याची गादी विदर्भात होती आणि तिचा ठावठिकाणा विदर्भातल्या एका ताम्रपटाने आणि विदर्भातल्या एका विद्वानाने लावला. शाळेच्या सहलीत ही गोष्ट मुलांना सांगितली जात नाही. सांगितली तर अजिंठा परगावचा वाटणार नाही.

स्पिंक यांच्या मते हा दुसरा काळ फार थोडा होता, साधारण इ.स. ४६२ ते ४८०. सगळे अभ्यासक इतका आखूड काळ मान्य करत नाहीत. पण हरिषेणानंतर वत्सगुल्माचे राज्य झपाट्याने मोडले आणि काम अर्धवट थांबले, याच्या खुणा दरीत ठिकठिकाणी आहेत. चोविसावे लेणे पूर्ण झाले असते तर फार मोठे ठरले असते. त्यात छिन्नीचे घाव जसेच्या तसे आहेत. सव्विसाव्या लेण्यात बुद्धभद्र या भिक्षूचा लेख आहे. डोंगरात केलेले स्मारक चंद्र-सूर्य असेतो टिकते, अशा अर्थाचा विचार त्यात आहे. तिथे उल्लेख झालेल्या अचल या स्थविराशी ह्युएन त्संगच्या वृत्तान्तातला एक विहार जोडला जातो. सातव्या शतकात महाराष्ट्रात आलेल्या या चिनी यात्रेकरूने कड्याला टेकलेल्या आणि दरीकडे तोंड केलेल्या दालनांचे वर्णन केले आहे.

एप्रिलमधला शिकारी

यानंतरची गोष्ट सर्वांना पाठ आहे. मद्रास घोडदळातला जॉन स्मिथ हा अधिकारी वाघाच्या शिकारीला आला, त्याला समोरच्या कड्यात कमान दिसली आणि 'हरवलेली लेणी सापडली'. दहाव्या लेण्यातल्या खांबावर, बुद्धाच्या रंगवलेल्या आकृतीवर, त्याने आपले नाव आणि तारीख कोरली: २८ एप्रिल १८१९. आज ती अक्षरे माणसाच्या डोक्याच्या वर आहेत, कारण तेव्हा लेण्यात गाळ आणि दगडमातीचा थर साचला होता आणि तो त्यावर उभा होता.

मला या गोष्टीत ती तारीख महत्त्वाची वाटते. एप्रिलच्या शेवटी रान निष्पर्ण असते. दहाव्या लेण्याची भव्य कमान समोरच्या डोंगरावरून तेव्हा दिसते. श्रावणात तीच कमान झाडीआड बरीचशी झाकली जाते. ज्या ऋतूत भिक्षू इथे राहायला येत त्याच्या नेमक्या उलट ऋतूत स्मिथ आला, आणि खालून येण्याऐवजी त्याने दरी वरून पाहिली. पुढे अजिंठ्याविषयी जे लिहिले आणि चितारले गेले त्यातले बरेच काम कोरड्या महिन्यांतले आहे. मुंबईच्या कलाशाळेतले जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून काही वर्षे हिवाळ्यात येऊन नकला करत. लेडी हेरिंगहॅम आणि त्यांच्यासोबत आलेले नंदलाल बोस, असितकुमार हालदार हे १९०९ ते १९११ च्या दोन हिवाळ्यांत राहिले. तंबू, कागद आणि रंग घेऊन पावसाळ्यात येणे शक्य नव्हते. त्यामुळे जगाला कळलेला अजिंठा बराचसा धबधब्याविना कळला.

'सापडली' हा शब्दही तपासून घ्यावा लागतो. लेण्यांच्या माथ्यावर पठारावर जे खेडे आहे त्याचे नाव लेणापूर. हे नाव कागदावर बसून ठेवलेले नाही. गुरे चारणाऱ्यांच्या आणि लाकूडफाटा आणणाऱ्यांच्या तोंडून असे नाव रुळते. या डोंगरात भिल्लांची वस्ती होती आणि दरी त्यांच्या पायाखालची होती. लेणी हरवली ती ग्रंथांतून आणि राजदरबारातून. रानातल्या वाटेवरून ती हरवली नव्हती.

रॉबर्ट गिलचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १८४४ साली त्याला चित्रांच्या नकला करायला नेमले आणि तो अजिंठा गावातल्या बारादरीत राहिला. त्याची बहुतेक चित्रे १८६६ साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. १८७९ साली तो वारला आणि त्याची कबर भुसावळला आहे. त्याची सोबतीण पारो हिची कबर अजिंठा गावात आहे. तिच्यावर १८५६ साल आहे. ना. धों. महानोरांच्या 'अजिंठा' या काव्यामुळे ही दोघे मराठी वाचकाच्या घरातली झाली. मात्र त्यांच्या कहाणीची मोहिनी इतकी मोठी आहे की अजिंठ्याचा इतिहास १८१९ ला सुरू होतो असे वाटू लागते.

जोडरस्ता आणि झिरपा

निजाम सरकारने १९१४ साली पुरातत्त्व खाते सुरू केले आणि गुलाम याझदानी त्याचे प्रमुख झाले. चित्रे जपण्यासाठी १९२० नंतर इटलीहून तज्ज्ञ आणले गेले आणि १९३० पासून याझदानींचे चित्रसंपुट निघू लागले. याच शतकात गाळ काढणे, खांब सावरणे आणि लेण्यांना एकमेकांशी जोडणारी वाट बांधणे ही कामे होत गेली. हैदराबाद संस्थान विलीन झाल्यावर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने ती पुढे नेली. १९८३ साली अजिंठा जागतिक वारशाच्या यादीत आला. आता फर्दापूरच्या टी पॉइंटला खासगी गाड्या थांबतात आणि शेवटचे चारेक किलोमीटर एसटीच्या बसने जावे लागते. त्यामुळे दरीत धूर आणि गोंगाट कमी झाला, ही चांगली गोष्ट आहे.

जोडरस्ताही वाईट नाही. वयस्कांना, लेकुरवाळ्यांना त्याशिवाय लेणी पाहताच आली नसती. पण त्याने एक बदल केला. पूर्वी एका लेण्यातून दुसऱ्यात जायचे तर बहुधा नदीशी उतरून पुन्हा चढावे लागे. दोन विहारांच्या मध्ये नदी येत असे. आता दोन विहारांच्या मध्ये कठडा येतो आणि नदी कठड्यापलीकडचे दृश्य झाली आहे. जी गोष्ट दृश्य होते तिची काळजी कमी घेतली जाते. पावसाळ्यात मोठ्या संख्येने लोक खास धबधब्यासाठी येतात आणि बाटल्या, पुड्या, प्लेटा मागे ठेवून जातात. पाणी त्या सगळ्या खाली तापीकडे घेऊन जाते.

पाण्याची दुसरी बाजू याहून गंभीर आहे. डोंगरमाथ्यावर मुरलेला पाऊस खडकाच्या भेगांतून लेण्यांत झिरपतो आणि मातीच्या गिलाव्याला तो सर्वांत घातक आहे. माथ्यावर चर काढून पाणी वळवणे, भेगा बुजवणे हे काम दर वर्षी पाहावे लागते. ज्या पाण्यामुळे लेणी इथे आली तेच पाणी चित्रे खाते, आणि माथ्यावरची माती, गवत, झाडे हीच त्या पाण्याला आवर घालणारी पहिली फळी आहे. म्हणजे लेणापूरच्या पठारावरचे रान राखणे हा अजिंठ्याच्या चित्रांच्या जपणुकीचाच भाग आहे. लेण्याचे रक्षण ओसरीच्या उंबऱ्यापाशी सुरू होत नाही, नदीच्या उगमापाशी होते.

चालायचे असेल तर

ज्यांना ही दरी पायी पाहायची आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. सोमवारी लेणी बंद असतात. अजिंठा गावाच्या बाजूने पठारावरच्या व्ह्यू पॉइंटला जाता येते. तिथून पूर्ण नाल, तिच्यातली काळी दारे आणि टोकाचे सातकुंड एका नजरेत येतात. स्मिथने दरी पाहिली ती याच बाजूने. तिथून रानातून उतरणारी पायवाट आणि पायऱ्या नदीवरच्या पुलापर्यंत येतात. ही वाट खुली असेल तर उतरायला अर्धा-पाऊण तास धरावा. पावसात दगड शेवाळलेले असतात आणि कुंडांच्या कडेला जाणे जिवावर बेतू शकते, म्हणून पाणी लांबूनच पाहावे.

पुलावर आल्यावर लगेच वर न चढता वळून कड्याकडे पाहावे. तुटलेल्या पायऱ्यांचे कापे, कड्यात मध्येच थांबलेले जिने दिसू लागतात. नंतर सोळाव्या लेण्याचे हत्ती शोधावेत आणि त्यांच्यामधून वर चढावे. आधी नववे-दहावे, मग बारावे पाहावे. तिथली शांतता साधी आहे. त्यानंतर सोळा आणि सतरा, मग एकोणीस आणि सव्वीस, आणि सर्वांत शेवटी पहिले. या क्रमाने पाहिले की सहा-सातशे वर्षांचे अंतर पायांना कळते आणि पहिल्या लेण्यातला पद्मपाणी अखेरीस भेटतो, त्याच्या काळाच्या जागी.

ऋतू म्हणाल तर भाद्रपद सरल्यापासून दिवाळीपर्यंतचे दिवस उत्तम. पाऊस ओसरलेला असतो, कुंडे अजून वाहत असतात आणि रानात पाने असतात. हेच दिवस वर्षावास संपण्याचे. भिक्षू आपले दोष ऐकून, नवे चीवर घेऊन याच जिन्यांनी नदीत उतरत आणि काठाकाठाने मैदानाच्या वाटेला लागत. यंदा फराळाची पाहुणचारी आटोपली की घरातल्या शाळकरी मुलांना घेऊन जा, आणि तिकिटाच्या खिडकीपाशी वाशीमची गोष्ट सांगायला विसरू नका.